दिवसा झोपणाऱ्या माणसाची खोली

हे आत्ताच्या आत्ता सांगायलाच हवं, कारण उद्या सकाळी ऑफिसला गेले की मी परत शहाण्यासारखी बोलायला लागेन आणि मग हे कधीच सांगणार नाही. मोशीहून आत्ता घरी आलेय. हेल्मेट अजून मांडीवर आहे, चहा गार झालाय आणि मी भराभर टाइप करतेय, चुका होतील, समजून घ्या.

झालंय असं की मी काढलेल्या एका घरात आज गेले होते. काढलेल्या म्हणजे नकाशा काढलेल्या. मी आर्किटेक्ट आहे, चिंचवडला एका छोट्या ऑफिसात नोकरी करते. आमचं ऑफिस परवडणारी घरं करतं, म्हणजे सरकारी योजनेतली, सोडतीत नंबर लागला तर मिळणारी, एक हॉल, एक किचन, एक बेडरूम. तर त्यातल्या एका घरात आज मी एका माणसाची बोटं मोजली. दहाच्या दहा होती. पण मी मोजली, आणि त्याच्या बायकोने मला मोजताना पाहिलं.

का मोजली ते सांगते. त्यासाठी आधी आमच्या जुन्या घरात जावं लागेल.

माझं लहानपण चिंचवड स्टेशनच्या पलीकडे, वन रूम किचनमध्ये गेलं. पप्पा कंपनीत, प्रेस शॉपला. प्रेस म्हणजे पत्रा दाबायचं मशीन. पत्रा ठेवायचा, हात बाहेर काढायचा, बटण दाबायचं, वरून डाय, म्हणजे साचा, खाली येते आणि गाडीचा कुठलातरी भाग तयार होतो. परत पत्रा, परत हात, परत बटण. शिफ्ट दर सोमवारी बदलायची. फर्स्ट, सेकंड, थर्ड. थर्ड म्हणजे रात्रपाळी. त्या आठवड्यात पप्पा सकाळी साडेसातला यायचे, अंघोळ करून दोन घास खाऊन बाहेरच्या खोलीत झोपायचे, आणि आमचं घर बंद पडायचं.

बंद म्हणजे काय, तर आई बेलची वायर सोडवून ठेवायची. मोरीत भांडी घासताना खाली जुना टॉवेल अंथरायची, म्हणजे स्टील फरशीवर वाजत नाही. कुकरची शिट्टी व्हायच्या बेतात आली की ती धावत जाऊन चमच्याने शिट्टी उचलून वाफ सोडायची, त्यामुळे त्या आठवड्यात डाळ कधी कच्ची असायची तर कधी तिचं पार पिठलं झालेलं. दाराच्या कडीला चिंधी. खिडकीला वर्तमानपत्रं चिकटवलेली, ती उन्हाने पिवळी पडलेली, त्यामुळे भर दुपारी घरात एक आजारी पिवळट उजेड असायचा. मी किचनमध्ये ओट्याखाली बसून अभ्यास करायचे. टीव्ही बघायला मिळाला तर आवाज बंद करून, आणि त्यातली माणसं काय बोलत असतील ते मीच मनात ठरवायचे.

आणि बोलायचं कुजबुजत. हे सगळ्यात जास्त अंगात भिनलं. कारण आठवडा संपला तरी ती कुजबुज लगेच जायची नाही. पप्पा फर्स्ट शिफ्टला गेलेले असायचे, बाहेरची खोली रिकामी, आणि आई मला कुजबुजत विचारायची, "जेवलीस का?" मी पण कुजबुजत सांगायचे, "हो." मग दोघी एकमेकींकडे बघायचो. मग दोघीही हळूच बाहेरच्या खोलीत डोकावून बघायचो, की आत झोपलंय तरी कोण.

कॉलेजला हॉस्टेलमध्ये राहिले तेव्हा रूममधल्या मुली वैतागायच्या. "बाई, पाय वाजव गं जरा, भुतासारखी मागे येऊन उभी राहतेस." मला तर कळायचंच नाही की मी काय केलं.

आता डबा. मी चौथीत होते, मेची सुट्टी, थर्ड शिफ्टचा आठवडा. आई खाली पाण्याच्या टँकरला गेली होती. किचनमध्ये वरच्या फळीवर रव्याच्या लाडवांचा स्टीलचा डबा होता. मी स्टूल घेतलं, वर चढले, डबा ओढला, आणि तो पडला. डबा पडला एकदाच. पण झाकण सुटलं आणि ते शहाबादी फरशीवर गोल गोल फिरत राहिलं, तुम्हाला माहितीये ना झाकण कसं थांबता थांबता अजून जोरात वाजतं. मी स्टुलावर उभी. खाली उडी मारून ते पकडलं तर अजून आवाज होईल म्हणून मी तशीच उभी राहिले, ते आपोआप थांबेपर्यंत.

पप्पा उठून आले. डोळे लाल. खालचा एक लाडू उचलला, फुंकर मारली आणि माझ्या हातात दिला. "घे. पण हळू चाव, शेजारचे उठतील."

इतकंच. रागावले नाहीत. परत जाऊन आडवे झाले, पण झोपले नाहीत, मला माहितीये, कारण मी दाराच्या फटीतून बघत होते. छताकडे बघत पडले होते. संध्याकाळी उठले, दाढी केली, रात्री कामावर गेले.

दुसऱ्या दिवशी साडेसातला पप्पा आले नाहीत. आठला त्यांच्या कंपनीतले एक काका आले, दारातच उभे राहिले आणि आईला म्हणाले, "वहिनी, घाबरू नका, जिवाला काही नाही." उजव्या हाताची दोन बोटं गेली होती.

डब्याचं आणि बोटांचं कुणी कधी एकत्र नाव काढलं नाही. ते मीच जोडलं, मनातल्या मनात, नऊ वर्षांची असताना, आणि मग ते सुटलंच नाही. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी हिंमत करून विचारलं, "पप्पा, त्या दिवशी माझ्या हातून डबा पडला नसता तर?" पप्पा पेपर वाचत होते. म्हणाले, "कुठला डबा?" ते खरंच विसरलेत, की माझ्यासाठी विसरलेत, हे मला आजही कळलेलं नाही.

तर अशी मी, नोकरीला लागल्यावर पहिलंच काम काय मिळालं, तर मोशीची ही इमारत. सर, म्हणजे आमच्या ऑफिसचे मालक, म्हणाले, "आधी जाऊन माणसं बघून ये. घर कुणासाठी काढतोय ते कळल्याशिवाय रेघ मारायची नाही." सर चांगले आहेत. टोमणे मारतात, पण चांगले आहेत.

मी फॉर्म घेऊन हिंडले. चाकणच्या आसपास पत्र्याच्या खोल्या, भाड्याने दिलेल्या, एका ओळीत आठ-दहा. फॉर्ममध्ये सगळं होतं. घरात माणसं किती, म्हातारं कुणी आहे का, व्हीलचेअर आहे का, शिवणयंत्र कुठे ठेवणार, गाडी आहे का. एका आजींनी सांगितलं, संडासात धरायला दांडा द्या, बाकी काही नको. एक काका म्हणाले, देवघराला भिंत पाहिजे, संडासाच्या पाठची नको. हे सगळं मी लिहून घेत होते. पण "तुम्ही झोपता कधी" हा प्रश्न फॉर्ममध्ये नव्हताच.

मग मी त्या एका खोलीशी आले. दाराच्या कडीला चिंधी बांधलेली होती.

मी कडी वाजवायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. दार ढकललं. आत एक बाई गहू निवडत होती, परातीत नाही, सतरंजीवर, आवाज नको म्हणून. तिने ओठांवर बोट ठेवलं आणि मला बाहेर घेऊन आली. लातूरकडची. कुजबुजत म्हणाली, "आमचे हे झोपायलेत, ताई. थर्ड शिफ्ट हाय."

"काय काम करतात?" मी पण कुजबुजतच विचारलं.

"प्रेसवर."

मी तिथेच दगडावर बसले आणि तिला पप्पांचं सगळं सांगून टाकलं, फॉर्म तसाच मांडीवर. एवढं मी कुणाला सांगितलं नव्हतं. ती ऐकत राहिली. तिची मुलगी पण बाहेर आली, सात वर्षांची असेल, पायाचा आवाज अजिबात नाही. मी तिला विचारलं, "तुला नव्या घरात काय पाहिजे?" तिने माझ्या कानाला तोंड लावलं आणि म्हणाली, "ओरडायची खोली."

ऑफिसला येऊन सरांना म्हणलं, आपला नेहमीचा नकाशा चालणार नाही. आमच्या नेहमीच्या नकाशात बेडरूमची खिडकी पॅसेजवर उघडते, लिफ्ट, जिना, मुलं, भाजीवाला, सगळं तिच्याच तोंडाशी.

सर खुर्चीत मागे रेलले. "बेडरूम रात्री वापरतात, बाई. दिवसा तिथे कपडे पडलेले असतात."

"सर, चाकणच्या माणसाची रात्र दर सोमवारी बदलते."

सर खुर्चीत पुढे आले. मग, "हे कुठे वाचलंस?"

"वाचलं नाही. आमच्या घरी होतं."

"बरं. उद्या संध्याकाळपर्यंत काढून दाखव. आणि एरिया एक फूट जरी वाढला ना, तर तो तुझ्या टेबलातून कापून घेईन."

मी काढलं. त्या रात्री, दुसऱ्या दिवशी, जेवले का तेही आठवत नाही. पॅसेज उत्तरेला. बेडरूम पार मागे नेली, दक्षिण-पश्चिम कोपऱ्यात. किचन दक्षिण-पूर्व कोपऱ्यात. दोघांच्या मधे संडास-बाथरूम घातलं, म्हणजे किचनमधला आवाज बाथरूममध्येच अडकेल. बेडरूमचं दार हॉलच्या समोर न ठेवता आतल्या वळणावर घेतलं. खिडकीवर खोल छज्जा, म्हणजे पेपर न चिकटवता अंधार. प्रत्येक रेघ मारताना मी विचारत होते, एका लहान मुलीच्या हातून इथे डबा पडला तर तिकडे ऐकू जाईल का? आणि उत्तर येत होतं, नाही जाणार.

सर खूश झाले. "अरे वा, वास्तूत पण बसतंय. किचन आग्नेय, बेडरूम नैऋत्य. ओटा पूर्वेच्या भिंतीला लाव, म्हणजे बाईचं तोंड पूर्वेला. लोक डोळे मिटून घेतील."

मी ओटा पूर्वेच्या भिंतीला लावला.

आता एक आमच्या कामातली गोष्ट सांगते, सोपी आहे. एक फ्लॅट काढला की शेजारचा फ्लॅट आम्ही नवा काढत नाही. मिरर मारतो, म्हणजे आरशातल्यासारखा उलटा करतो. त्यामुळे किचनच्या पाठीला किचन येतं आणि बेडरूमच्या पाठीला बेडरूम. पण मिरर मारला की अर्ध्या घरांचं किचन आग्नेयेतून उचलून नैऋत्येत जातं, आणि घर बघायला येणारी माणसं आधी होकायंत्र काढतात, मोबाइलमधलं. म्हणून सर म्हणाले, "मिरर नको, सरळ कॉपी मार." मी कॉपी मारली. एका ओळीत सगळी घरं सारखी, सगळ्यांचं किचन आग्नेयेला, सगळ्यांची झोप नैऋत्येला. इतकं छान दिसत होतं की स्क्रीनचा फोटो काढून पप्पांना पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला. डाव्या हाताने टाइप करतात, म्हणून नेहमी अंगठाच पाठवतात.

चार वर्षं गेली. इमारत उभी राहिली. आणि त्या लातूरकडच्या बाईचा सोडतीत नंबर लागला, खरंच लागला, सातवा मजला. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला, "ताई, तुमीच काढलेलं घर, बघायला तरी या."

आज ऑफिसला दांडी मारून साडेअकराला गेले.

बाईने दार हळूच उघडलं. ती एकदम खुलली, माझा हात धरून आत घेतलं. त्यांना राहायला येऊन दोन आठवडे झाले होते आणि थर्ड शिफ्टचा हा पहिलाच आठवडा, आज तिसरा दिवस. नवरा आत झोपलेला. तिने मला घर असं दाखवलं जसं ते मी कधी पाहिलंच नव्हतं. "हे बघा किचन. हे बघा बाथरूम, मधी हाय. हे बघा दार कसं वळून हाय." मग म्हणाली, "थांबा, तुमाला गंमत दाखवते," आणि गॅसवरच्या कुकरची शिट्टी होऊ दिली. पूर्ण. मुद्दाम. आम्ही दोघी श्वास धरून बेडरूमच्या दाराकडे बघत उभ्या राहिलो. आतून काही नाही. ती हसली, पदर तोंडाला लावून, लहान मुलीसारखी. मला तर वाटलं आता मी इथेच रडणार.

तिची मुलगी हॉलमध्ये बसली होती, आता अकरा वर्षांची. मला म्हणाली, "मला पण ओरडायला मागे गॅलरी आहे." कुजबुजत म्हणाली.

"अगं आता जोरात बोललीस तरी चालतं," मी म्हणलं.

"हाव," ती म्हणाली. तेही कुजबुजतच.

आम्ही चहाला बसलो, आणि मग तो आवाज आला.

घर्रर्र. मिक्सर. आधी मला वाटलं यांच्याच किचनमधला, मी तिकडे बघितलं. पण बाईने किचनकडे बघितलंच नाही. तिने बेडरूमच्या दाराकडे बघितलं. तेव्हा मला कळलं की हे आजचं नाही, हिला माहितीये. मिक्सर थांबला. परत सुरू झाला. मग झाकण ओट्यावर आपटलं. मग खलबत्ता, ठक ठक ठक. आणि हे सगळं बेडरूमच्या आतून येत होतं, बंद दाराच्या मागून, जणू नवऱ्याच्या उशाशी बसून कुणीतरी मसाला कुटतंय.

"शेजारच्या भाभी," बाई खाली बघत म्हणाली. "डबे करतेत कंपनीतल्या पोरांचे. चांगल्या हायेत लई."

तुम्हाला कळलं ना काय झालं? कॉपी. सगळी घरं एकासारखी एक, एकाच दिशेने. म्हणजे एका घराच्या पूर्वेच्या भिंतीला ओटा, आणि त्याच भिंतीच्या पलीकडे पुढच्या घराची बेडरूम. प्रत्येक घरात. प्रत्येक मजल्यावर. ओटा पूर्वेच्या भिंतीला मी लावला, पलंग पश्चिमेच्या भिंतीला मी काढला. मधे काँक्रीटची ओतीव भिंत, पातळ, जी फोडता येत नाही कारण सगळी इमारत तिच्यावर उभी आहे.

मी एकच घर काढलं होतं. चार वर्षांपूर्वी, दोन दिवस दोन रात्री, मी एकाच घराच्या आत फिरत राहिले, कारण माझ्या डोक्यात आवाज करणारं माणूस एकच होतं, आणि ते घराच्या आत होतं, स्टुलावर उभं होतं. भिंतीपलीकडे पण कुणी राहतं, हे मला सुचलंच नाही.

दार उघडलं. तो बाहेर आला. डोळे लाल. मला बघून बनियनवर घाईघाईने शर्ट चढवला, "नमस्कार ताई," म्हणाला आणि खाली बसला.

"झोप नाही झाली का?" मी विचारलं. काय मूर्ख प्रश्न.

"व्हईल की. नवी जागा हाय, झोप बसाया टाइम लागतो." मग बायकोला, "जरा चा टाक." मग परत मला, "घर मात्र झकास काढलं बघा ताई. हवा येती. पहिल्या खोलीत तर कुकरवानी उकडून निघायचो." मला बरं वाटावं म्हणून म्हणत होता. तीन दिवस झोपला नव्हता आणि माझी समजूत काढत होता.

त्याने कप धरला आणि तेव्हा मी मोजली. डावा हात, पाच. उजवा हात, अंगठा कपाच्या आड होता तो दिसेना, म्हणून मी वाकून बघितलं. पाच. मान वर केली तर बाई माझ्याकडे बघत होती.

मला इतकी लाज वाटली. मी उठून किचनमध्ये गेले, कप विसळायचं निमित्त. ती मागून आली. नळ बारीक सोडला आणि कुजबुजत म्हणाली, "मी बी मोजते, ताई. रोज, हे कामावरनं आले की. दार उघडलं की आधी तेच. तुमी त्या दिवशी तुमच्या पप्पांचं सांगितलं ना, तवापासून."

म्हणजे तेही मीच दिलं तिला. चार वर्षं रोज ही बाई नवऱ्याचा डबा हातात घेताना त्याची बोटं मोजतेय, आणि ते माझ्यामुळे.

मी कप ठेवला, बाहेर आले. सरळ शेजारच्या घराची बेल वाजवली.

भाभी साठीच्या आसपास, हाताला हळद-तिखट लागलेलं. नवऱ्याचं मोशीतच गॅरेज आहे. मला म्हणाल्या, "सोसायटीकडून आलीस का बेटा? नळाचं सांगायचंय, तो गळतो." मी म्हणलं, नळाचं नाही, तुमच्या मिक्सरचं. त्यांनी मला किचनमध्ये नेलं. मिक्सर ओट्यावर, भिंतीला अगदी चिकटून.

"इथेच का ठेवलाय?"

"मग कुठं ठेवू? प्लगचा पॉइंट इथं दिलाय. कुणी दिलाय काय माहीत, ओट्याच्या पार कोपऱ्यात, हात पुरत नाही."

मी म्हणलं, "मी दिलाय." आणि सांगितलं, या भिंतीपलीकडे माणूस झोपतो. दिवसा. प्रेसवर काम करतो.

त्यांच्या हातातला चमचा तसाच राहिला. "या भिंतीला? हाय अल्ला. मला वाटलं पलीकडं पण किचन असेल. सगळीकडं तसंच असतं ना." मग त्यांनी मिक्सर उचलला, हॉलमध्ये नेला, खाली गोधडीची चौघडी घातली, त्यावर ठेवला. खलबत्ता उचलून गॅलरीत. गॅस बारीक केला. कढईत उलथनं आपटत नाही ना, ते बघितलं. आतून त्यांच्या सुनेने मोठ्याने काहीतरी विचारलं, तर भाभींनी ओठांवर बोट ठेवलं आणि तिला कुजबुजत म्हणाल्या, "हळू. पलीकडं माणूस झोपलंय."

सून कुजबुजत म्हणाली, "कोण?"

मी त्या हॉलमध्ये उभी होते आणि मला सगळी इमारत दिसत होती, मी कॉपी मारलेली. या घराच्या पलीकडे ते घर, त्या घराच्या पलीकडे अजून एक. भाभी कुजबुजायला लागल्या लातूरवाल्यांसाठी. लातूरवाल्या बाईचा ओटा तिच्या पुढच्या घराच्या पलंगाला लागलाय, आणि तिने आत्ता गंमत म्हणून शिट्टी होऊ दिली ती तिकडे कुणाच्या तरी उशाशी वाजली असेल. उद्या तिलाही कुणीतरी येऊन सांगेल. मग ती चमच्याने शिट्टी उचलेल. हळूहळू सातवा मजला, मग आठवा. सगळ्या दारांच्या कड्यांना चिंध्या.

परत आले तेव्हा तो आत जाऊन आडवा झाला होता. बाई, तिची मुलगी आणि मी, तिघी बेडरूमच्या बंद दाराशी उभ्या राहिलो. भिंतीतून काही येत नव्हतं. बराच वेळ. मग आतून घोरण्याचा आवाज आला, बारीक, अडखळत. बाईने डोळे मिटले. आम्ही तिघींनी एकदमच श्वास सोडला आणि तोही जपून.

मी निघाले. लिफ्टचं दार आपटतं म्हणून जिन्याने गेले. पाचव्या मजल्यावर कळलं की चपला माझ्या हातात आहेत.

खाली पार्किंगमधून सरांना फोन केला. सगळं सांगितलं. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्या भिंतीला आता हात लावता येणार नाही. आतून काहीतरी जाड लावून बघू, पण ते मलमपट्टीच." मग म्हणाले, "शेजारच्या प्लॉटवरची दुसरी इमारत. नकाशे तेच आहेत, तुझेच. परवा मंजुरीला जायचेत."

"सर, मिरर मारू द्या. अर्ध्यांचं किचन नैऋत्येत जाईल."

"बिल्डर विचारेल, वास्तू सोडून घर कोण घेणार. दिवसा झोपणारे असे आहेत किती? तुझे वडील आणि तो एक माणूस सोडून?"

आकडा माझ्याकडे नव्हता. म्हणजे मला माहितीये की खूप आहेत, सगळा चाकण पट्टा आहे, पण हे लोक दिसतच नाहीत ना, कारण आपण जागे असतो तेव्हा ते झोपलेले असतात आणि त्यांच्या घरचे आवाज करत नाहीत. सर म्हणाले, "सकाळी दहाला ये. माणसं घेऊन ये, निदान त्यांचं म्हणणं तरी."

म्हणून विचारतेय. आत्ता, लगेच, कारण माझ्याकडे उद्या सकाळपर्यंतच वेळ आहे. तुमच्या घरी दिवसा कुणी झोपायचं का? वडील, भाऊ, नवरा, हॉस्पिटलातून सकाळी येणारी आई? तुम्हीही कुजबुजत वाढलात का? घरात कुणी नसताना, अजूनही, पलीकडच्या खोलीत कुणीतरी झोपलंय असं वाटून तुम्ही आवाज खाली घेता का? की हे फक्त माझंच आहे?